टरबूज चालू ठेवा

अकोला, सोमवार, ६ मार्च १९६१

थोरले साडभाऊ उत्तमराव यांसी भगवंताचा रामराम.

'इकडील सर्व ठीक' असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. इकडील काहीच ठीक नाही.

दिवाळीत तुम्ही अमरावतीच्या थेटरात तो अफगाणिस्तानातल्या लढाईचा सिनेमा बघितला आणि मला चार पानी पत्र घातलं की, भगवंता, तंबूत लावायचा तर हाच लाव. तुमचा शब्द म्हणून आणला. महिनाभराचा करार केला. चौदा रिळं यायची, तेरा आली. चौदाव्याचा डबा मूर्तिजापूरला उतरला आणि पुढं कुठं गेला ते रेल्वेलाही ठाऊक नाही. मी म्हटलं, तेरा काय कमी आहेत? शेवटी झेंडा फडकतो, सलामी होते, लोक तोवर चपला शोधायला लागलेले असतात.

पण तेरावं रीळ कुठं संपतं ते तुम्ही जाणताच. वाट चुकलेली सात जणांची तुकडी सुरुंग पेरलेल्या माळावर मधोमध उभी. सुभेदाराचा पाय एका सुरुंगावर. उचलला की फुटणार. मागच्या सहा जणांना इकडचं पाऊल तिकडं टाकता येत नाही. सुभेदार उजव्या हातानं घाम पुसतो, सूर्याकडं बघतो आणि म्हणतो, "साथियो, अब एक ही रास्ता है." आणि पडदा पांढरा.

काल बाजाराचा दिवस, तंबू खच्चून भरलेला. लोक पांढऱ्या पडद्याकडंच बघत बसले. मग मागून आवाज आला, "अबे, कोनता रास्ता?"

मी पडद्यापुढं जाऊन हात जोडले. बार्शीटाकळीकडचे खुशालराव म्हणून मोठे बागाईतदार आहेत, ते उभे राहिले. "भगवंतराव, सात मानसं उनात उभी ठेवून तुमी घरी जेवाले चालले काय?" झालं. लोकांनी बांबू धरून हलवायला सुरुवात केली. मी घाबरून बोलून गेलो की, माझे थोरले साडभाऊ सबंध सिनेमा बघून आलेत, त्यांच्याकडून शेवट मागवतो आणि इथं उभा राहून सांगतो. लोक म्हणाले, सांगा. नाही तर हा तंबू सोडवून बैलांच्या झुली शिवू.

मंडईतलं दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून मी या धंद्यात शिरलो. तंबू गेला तर मला त्याच दुकानात, त्याच भावाच्या हाताखाली कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसावं लागेल. तो आताच हसत फिरतो आहे. तेव्हा उलट टपाली लिहा, कोणता रास्ता?

आपला,
भगवंत

●

अमरावती, बुधवार, ८ मार्च १९६१

चि. भगवंत यास आशीर्वाद.

तुझं पत्र मळ्यात पाणी सोडता सोडता वाचलं. आधी दोन दुरुस्त्या. तो सुभेदार नाही, जमादार आहे. खांद्यावर एकच तारा आहे, सुभेदाराला दोन असतात. दुसरं, घाम तो उजव्या हातानं पुसत नाही, उजव्या हातात बंदूक आहे. डाव्या बाहीनं पुसतो. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो. पुढचं सगळं रद्दीच्या दुकानातून पुस्तकं आणून, कंदिलाखाली बसून मिळवलं, आणि असं मिळवलेल्या माणसाला ढिलाई सहन होत नाही. तुझे लोक तंबू हलवतात त्याचं कारण निम्मं हेच असेल.

आता शेवट. मला तो लख्ख आठवतो.

सुरुंग पुरायचा तर माती उकरावी लागते. उकरलेली माती कितीही दाबली तरी पोकळ राहते आणि दव धरून ठेवते. आपण वांग्याची रोपं लावतो तेव्हा बघ, सकाळी आळ्यातली माती काळीशार दिसते आणि शेजारची पांढुरकी. जमादार हा शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्या हे ध्यानात येतं. जिथं जिथं माती काळी, तिथं तिथं सुरुंग. तो पुढं, बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल ठेवून मागं, असे सगळे बाहेर येतात. मग झेंडा.

सांगताना सावकाश सांग. 'काळी' म्हणताना हात खाली कर आणि 'पांढरी' म्हणताना वर. लोकांना दिसलं पाहिजे.

उत्तमराव

ता. क. पार्बते, मी तुयी बहीन माणिक. पत्र बंद कराच्या आंधी हे दोन अक्षरं घालून राहिली. तिकडे काई झालं काय? तुये भाऊजी सकायपासून काठी घेऊन वांग्याच्या वाफ्यात वाकून वाकून फिरून राहिले. मी म्हनलं काई हरपलं काय, तं म्हनते, तू मधात बोलू नोको, सात जनाच्या जिवाचा सवाल हाय.

●

अकोला, शनिवार, ११ मार्च १९६१

थोरल्या साडभाऊंस रामराम.

काल सांगितला शेवट. हातही खालीवर केले.

खुशालराव पहिल्या रांगेत बसले होते. ते रोज येतात. म्हणतात, सात जण सुटेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. मी 'दव' म्हटलं आणि ते उठले. "भगवंतराव, जमादार वर सूर्याकडे पाह्यते. सूर्य डोक्यावर. भर दुपारी दव कोन टाकून गेलं, तुमचे साडभाऊ?" तंबू हसून हसून वाकला. ते हसणं बरं नव्हतं.

पाठोपाठ दुसरा प्रश्न. जमादार पुढं चालतो म्हणता, पण त्याचा पाय तर सुरुंगावर आहे, तो उचलला कसा? साडभाऊ, हे मलाही सुचलं नव्हतं. मी म्हटलं, हळूच उचलला. तेव्हा एक भुईमुगाच्या शेंगांची पुडी माझ्या कानावरून गेली. रिकामी नव्हती.

यात पुंजाजीबाबांची भर. हे गेल्या लढाईत पलटणीच्या खच्चरांबरोबर होते, थेट इटलीपर्यंत खच्चर हाकत गेले, आणि अजून डोक्यावर ती जुनी टोपी घालून येतात. त्यांचं एकच मागणं. "पहाडात पल्टन, अन् खच्चर नाई? रसद काय जमादाराची माय नेते? खच्चर दाखवा!" मी म्हटलं, बाबा, सिनेमात खच्चर नाही. ते म्हणाले, "तं मंग शेवटच्या रिळात असन." आता तंबूभर लोक "खच्चर, खच्चर" करतात.

पार्बती म्हणते, तिकीट परत करा आणि मोकळे व्हा. पण मोकळं होऊन जायचं कुठं, भावाच्या दुकानात? तुम्ही नीट आठवा. कदाचित घाईत काही राहून गेलं असेल. रविवारी पुन्हा बाजार आहे. मी कसाबसा पुढच्या बुधवारचा वायदा करतो.

भगवंत

●

अमरावती, सोमवार, १३ मार्च १९६१

चि. भगवंत,

चूक माझी नाही, तुझी आहे. मी शेवटाचा पूर्वार्ध लिहिला, तू तोच शेवट म्हणून सांगून टाकलास. दव दुसऱ्या दिवशी सकाळचं. मध्ये अख्खी रात्र जाते हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण असो. खुशालराव चौकस माणूस दिसतात, त्यांना माझा नमस्कार सांग आणि हा उत्तरार्ध.

तो माळ मुळात माळ नाही. ती टरबुजांची वाडी आहे.

अफगाणिस्तानची टरबुजं जगात नावाजलेली, हे मी पुस्तकात वाचलं आहे. लढाईच्या गडबडीत धनी पळून गेला, शत्रूनं वाडीतच सुरुंग पेरले, वेल वाळून गेले आणि फळं तेवढी राहिली. तुला खोटं वाटत असेल तर अकरावं रीळ पुन्हा चालवून बघ. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात वेल दिसते. मी ती तेव्हाच हेरली होती.

आता नीट ऐक. जमादाराचा पाय सुरुंगावर आहे. त्याचा मागचा गडी हात लांब करून एक टरबूज ओढतो. टिचकी मारून बघतो. पोकळ वाजलं, टाकून दिलं. दुसरं घेतो, ते भरीव. मग जमादार बोटा-बोटानं पाय मागं घेतो आणि गडी बोटा-बोटानं टरबूज पुढं सारतो. सुरुंगाला वाटतं, पाय आहे तिथंच आहे. मग उरलेली टरबुजं पुढं घरंगळवत न्यायची. जिथं सुरुंग असेल तिथं टरबूज फुटेल, माणूस वाचेल. पडदा लाल होतो तो रक्तानं नव्हे, टरबुजाच्या गरानं. हा प्रसंग फार हृदयद्रावक आहे.

एका माणसाच्या पायाइतकं वजन टरबुजाचं असतं का, असं कोणी विचारलं तर सांग, कंदाहारी टरबूज तू बघितलं नाहीस.

खच्चराबद्दल म्हणशील तर, होय, होतं. टरबुजं वाहायला.

उत्तमराव

●

(पोस्टकार्ड)

अमरावती, १४ मार्च

पार्बते,

हे कारड मी सोता लिवून राहिली. बायाच्या वर्गात जाते तं थोडं जमते. तू वाचून झालं का चुलीत घाल.

तुले खरं सांगू काय? तुया भाऊजीनं शेवट पायलाच नाई. आमी दोघं गेलतो. शेवटाच्या वक्ताले हे खुर्चीतून उठले. म्हने, पायदळाच्या शिपायाच्या पायाले घोडदळासारखी पट्टी गुंडाळली, वरून खाली; हे मॅनेजरले सांगतलंच पायजे. अन् गेले ना मॅनेजरच्या खोलीत भांडाले! वापस आले तवा लोक उठून राहिलते.

मी होती. मी पायला. मांगून एक साहेब येते, खिशातून नकाशा काढते अन् म्हनते, इकडून चला. सारे चालले. जमादाराच्या पायाखालचा सुरुंग तं फुसका निगाला. झालं. यायनं मले इचारलं नाई, मी सांगतलं नाई. तीस वर्सांत यायनं मले कोनती गोष्ट इचारली नाई, सांगतच आले.

आता तूच पाय काय करतं ते. सांगाचं असन तं जवायाले सांग.

माणिक

●

अकोला, शनिवार, १८ मार्च १९६१

ती. उत्तमराव,

चरण दिसत असते तर धरले असते!

बुधवारी आधी अकरावं रीळ चालवलं. डाव्या कोपऱ्यात खरंच वेल दिसते. ऑपरेटर सहदेव म्हणतो, तो फिल्मवर पडलेला चरा आहे, मागच्या गावी खिळा घासला असेल. मी त्याला म्हटलं, तू मशीन बघ. खुशालरावांनी पडद्याजवळ जाऊन पाहिलं आणि मागं वळून सांगितलं, "टरबुजाचीच हाय. पान पायलं म्या."

मग मी शेवट सांगायला लागलो. साडभाऊ, दवाच्या वेळी जे हसत होते ना, ते या वेळी माना पुढं काढून ऐकत होते. मोर्णा नदीच्या पात्रात टरबुजाच्या वाड्या करणारे अर्धे लोक तर इथंच बसलेले. टिचकीपर्यंत आलो तर एकजण म्हणाला, "देठ पाहाव लागते, टिचकीवर भरोसा नोको." दुसरा म्हणाला, "देठ पाह्याले उजेड कुठं हाय तिथं?" "अरे, भर दुपार हाय!" "मंग पाहा देठ!" पाय काढून टरबूज सारण्याच्या वेळी एका बाईनं डोळे मिटून घेतले. आणि सगळे बाहेर आले तेव्हा टोप्या उडाल्या.

वजनाची शंका आलीच. मी कंदाहार म्हटलं. विचारणारा खाली बसला.

परवापासून तर मी नुसतं सांगतसुद्धा नाही. पुंजाजीबाबा स्वतः जमादार होतात. खच्चर मिळालं नाही, कुंभाराचं गाढव आणलं. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टरबुजं. बाबांनी गाढवाला 'सावधान' शिकवलं आहे, ते कान उभे करतं. लोक येताना घरचं टरबूज घेऊन येतात आणि म्हणतात, आज आमचं पायाखाली ठेवा. खेळ झाल्यावर सगळे मिळून खातात. तंबूत माश्या फार झाल्या आहेत, पण जागा उरत नाही. धाकटा भाऊ काल तिकीट काढून आला होता. हसत नव्हता.

आणि आता मुख्य बातमी. चौदावं रीळ सापडलं! मूर्तिजापूरला हमालानं डबा अचलपूरच्या लहान गाडीत चढवला होता. तिथून तो परतवाड्याला मोटारस्टँडवरच्या एका हॉटेलवाल्याकडं गेला. तो त्यावर परात ठेवून भजी विकत होता. डबा आज घरी आला. पुढच्या रविवारी, २६ तारखेला, बाजाराच्या दिवशी खरा शेवट पडद्यावर दाखवतो असा डंका पिटवला आहे. प्रमुख पाहुणे तुम्ही. पहिल्या रांगेत खुशालरावांशेजारी खुर्ची ठेवली आहे. ते म्हणाले, ज्या माणसानं बसल्या जागी टिचकीसुद्धा ध्यानात ठेवली त्याला मला बघायचंच आहे.

आपला ऋणी,
भगवंत

●

अकोला, १९ मार्च

बाई,

तुहं कारड वाचलं अन् चुलीत घातलं. मी यायले काई सांगतलं नाई. कसं सांगू? गाढवापायी इकडे चूल पेटून राहिली, अन् तू म्हनतं साहेब येते अन् नकाशा दाखोते. असं पायलं तं लोक तंबूच काय, आमच्या घरावरचे कवेलू काढून नेतीन.

काल डबा घरात आला तवा मी थो मिरच्याच्या पोत्यात दडोला. हे शिंकत शिंकत गेले अन् काढून आनला. मंग म्हनलं, आधी घरी पाहून घ्या एकडाव. तं म्हनते, थोरल्या साडभाऊचा शब्द हाय, पाहाचं काय त्यात?

बाई, आता तूच काई कर. भाऊजीले खरं बोल, नाई तं खोटं बोल, पन रविवारच्या आंधी बोल.

पार्बती

●

अमरावती, मंगळवार, २१ मार्च १९६१

चि. भगवंत,

तुझं यश वाचून समाधान वाटलं. रविवारी मला येता येणार नाही. कमरेत उसण भरली आहे आणि फुलकोबीवर अळी आहे. दोन्हींपैकी एक तरी माणसाला घरी ठेवतंच.

त्या रिळाबद्दल मात्र जे लिहितो ते नीट वाच. फिल्म ही ज्वालाग्राही वस्तू आहे. भज्यांच्या परातीखाली राहिलेली फिल्म म्हणजे तेलानं भिजलेला काकडा. ती मशीनवर चढवणं म्हणजे तंबूला स्वतःच्या हातानं काडी लावणं. दाखवू नकोस.

दुसरं असं की, एकाच सिनेमाच्या दोन प्रती असतात आणि त्या तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. अमरावतीला जी आली ती वेगळी असू शकते. शहर मोठं आहे. तुझ्याकडं आली तीत काटछाट झालेली असेल, आणि पहिली कात्री कुठं लागते? फळफळावळीला.

तिसरं, लोकांना जे मिळालं आहे त्यात ते सुखी आहेत. सुखी माणसाला आणखी काही दाखवू नये.

खुशालरावांना सांग, माझी खुर्ची रिकामीच ठेवा. पुढं बघू.

उत्तमराव

●

अमरावती, रविवार, २६ मार्च

पार्बते,

झालं बाई. आज सकायी इचारलं.

चार दिवस झाले, हे जेवून नाई राहिले नीट. मले वाटलं कंबर. आज पानावर बसले, भाकर मोडली, तशीच ठेवली. म्हनले, "काव, तुले आठवते काय, शेवटी काय झालं?"

मी म्हनलं, "कोनाच्या शेवटी?"

"सिनेमाच्या."

"तुमी होते ना."

"होतो तं! पन तुहं ध्यान किती होतं थे पाहाचं हाय मले."

मी म्हनलं, "मले काय समजते लढाईतलं."

पान बाजूले सारलं. मंग भल्ले हयू आवाजात म्हनले, "माणिक, सांग नं. मले मालूम नाई."

पार्बते, भांडाचं मनात होतं माह्या, तीस वर्साचं साचलेलं. पन थ्या आवाजाले कसं भांडू? सांगतलं. साहेब, नकाशा, फुसका सुरुंग, सारं. हे ऐकत गेले अन् तोंड असं झालं का जसं कोनं उभं पीक खुडून नेलं. म्हनले, "एवढंच? बस, नकाशा?" मी म्हनलं, एवढंच. म्हनले, "नकाशा होता तं येवढा वखत काय करत होता थो बयताड?" मंग एकदम उठले. "भगवंताचा तंबू गेला!" म्हनले, अन् हात न धुता, पायात एक माही चप्पल अन् एक त्याइची, तारघराकडे पयत सुटले.

कंबर काई दुखत नाई. मी पायलं पयताना.

तार येयेवर पोचो बाप्पा.

माणिक

●

अकोला, सोमवार, २७ मार्च १९६१

थोरले साडभाऊ,

तुम्ही माणूस आहात की कोण, हे मला आता कळेनासं झालं आहे.

काल तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. अकोटहून, बाळापूरहून गाड्या आल्या होत्या. तुमची खुर्ची रिकामी ठेवली, तिच्यावर खुशालरावांनी एक टरबूज ठेवलं, मानाचं. पुंजाजीबाबांना म्हटलं, आज तुम्हाला सुट्टी, आज पडद्यावर खरा जमादार. ते गाढवाला घेऊन बाजूला उभे राहिले, जरा नाराजच होते. तेल लागलेलं म्हणून सहदेवनं रीळ दिवसभर फडक्यानं पुसलं होतं.

तेरावं संपलं. "अब एक ही रास्ता है." तंबू ओरडला, "टरबूज!" आणि चौदावं सुरू झालं.

एक साहेब आला. त्यानं नकाशा काढला. ते चालू लागले.

साडभाऊ, टोप्या उडवायला वर गेलेले हात तसेच खाली आले. मग सुरुंग फुसका निघाला. खुशालराव उठले. "बंद करा! अरे, तीन हप्ते झाले आमी या सात जनासाठी उपाशी, अन् हा कोन लेकाचा आयत्या वक्ताले कागद घेऊन आला? हे रीळ बनावट हाय!" मागून ओरडा झाला, "वेल कुठं गेली?" "आमचं टरबूज परत द्या!" "खच्चर कापलं यायनं, खच्चर!" पडद्यावर झेंडा फडकत होता आणि इकडं लोक दोऱ्या सोडत होते. मधला खांब कलला. पार्बतीनं तिकिटाची पेटी डोक्यावर घेतली. मी मनात कोथिंबिरीच्या जुड्या मोजायला लागलो होतो.

तेवढ्यात तारवाला सायकल हातात धरून गर्दीतून आत आला. "भगवंतराव कोन? तार हाय." तार म्हटल्यावर सगळे थबकले. लोकांना वाटलं, कोणी गेलं. मी ती फोडली आणि मोठ्यानं वाचली, कारण बाजूचे सगळे म्हणत होते मोठ्यानं वाचा.

'रीळ खोटे. टरबूज चालू ठेवा. उत्तमराव.'

खुशालरावांनी माझ्या हातातून ती तार घेतली, स्वतः वाचली, आणि तुमच्या खुर्चीवर चढून लोकांना दाखवली. "पाहा! अमरावतीत बसून या मानसाले समजलं का इथं खोटं रीळ चालून राहिलं!" दोऱ्या सोडणाऱ्यांनीच दोऱ्या बांधल्या. खांब सरळ केला. पुंजाजीबाबा गाढवाला घेऊन पडद्यापुढं आले, गाढवानं कान उभे केले आणि तुमच्या खुर्चीवरचं मानाचं टरबूज जमादाराच्या पायाखाली गेलं. खरंच फुटलं. खुशालराव गर खाता खाता रडले.

तारघरातल्या बाबूनं तारवाल्याजवळ विचारून पाठवलं आहे की ही तार गुप्तखात्याची होती का. मी काय सांगू ते कळवा.

दर्यापूरच्या तंबूवाल्यानं हा सिनेमा मागितला आहे. म्हणतो, तेरा रिळं आणि गाढव. चौदावं नको.

आपला,
भगवंत

●

अमरावती, १० एप्रिल

पार्बते,

दर्यापूरले आमी जाऊन आलो. तूही तिथं होती, पन गाढवामांगं होती, म्हून तुले इकडचं दिसलं नसन.

मोटारीत सारा वखत तुये भाऊजी सांगून राहिले का पुंजाजीबाबाच्या टोपीचा बिल्ला खच्चरपल्टनीचा हाय, जमादाराचा नाई, अन् हे त्याइले खेळाच्या आंधी बजावलं पायजे. मी म्हनलं, बजावा, पन खेळ झाल्यावर. तंबूत बसलो. तेरावं रीळ संपता संपता हे उठाले लागले. थे पायाच्या पट्टीचं होतं नं, थेच. मी वाकली. त्याइच्या धोतराचा सोगा माह्या पायाखाली घेतला अन् दोन पाय त्यावर रोवून बसली. यायनं एकडाव ओढला, दोनडाव ओढला, मंग बसले गुमान.

तं पयल्यांदा यायनं शेवट पायला. पुंजाजीबाबा उभे, पाय सुरुंगावर. थो मांगचा मानूस टरबूज सारते, बाबा पाय काढते. यायनं माहा हात धरला, पार्बते. लोकायसमोर! अन् असा आवळला का बांगडी पिचकली. पाय निंगाला, टरबूज बसलं, सारा तंबू ओरडला, अन् तुये भाऊजी उभे राहून टाया वाजवून राहिले, डोयाले पानी.

वापस येताना बसमधी यायनं बिल्ल्याचं नावच नाई काढलं. मी म्हनलं, काय झालं?

म्हनले, "काई नाई. मले वाटलं नोतं का थे सुटतीन म्हून."

माणिक